वाचकांचे प्रश्न : सवलत कुणाला, कशासाठी आणि किती वर्षं?

या महिन्याचा विषय आहे देशाची धोरणं आणि कारखान्यातलं नावीन्य. पत्रं आली ती कारखानदारांची, नोकरदार इंजिनिअरांची आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांचीही. कुठलंही धोरण तपासताना आम्ही तीन गोष्टी आधी पाहतो : सवलतीला अट काय आहे, मुदत किती आहे आणि मोजणार कोण. पुढची उत्तरं वाचतानाही त्याच मनात ठेवाव्यात.

पेटंटने संशोधन वाढतं असं पुस्तकात वाचते. भारताने १९७० साली औषधांवरचं पेटंट काढलं आणि त्यानंतरच आपला औषध उद्योग वाढला, असंही त्याच पुस्तकात आहे. दोन्ही खरं कसं? (विद्यार्थिनी, परभणी)

दोन्ही खरं आहे. मात्र पेटंट कशावर मिळतं, हे आधी पाहायला हवं. १९११ च्या जुन्या कायद्यात औषधाच्या पदार्थावरच पेटंट घेता येई. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखवलं की इथली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांकडे आहेत आणि त्यांतली बरीच इथं वापरलीही जात नाहीत. त्यावरून १९७० चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषध आणि अन्न यांच्या पदार्थाला पेटंट नाही, ते बनवण्याच्या प्रक्रियेला आहे, अशी त्यातली तरतूद. मुदतही आखूड : अर्जापासून ७ वर्षं किंवा मंजुरीपासून ५ वर्षं, यांतली जी कमी ती.

याचा रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर काय परिणाम झाला ते बघा. तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवला तर तो कायदेशीर ठरला. मग सुरुवातीचा कच्चा माल बदल, उत्प्रेरक बदल, द्रावक बदल, पायऱ्यांचा क्रम बदल, असं काम सुरू झालं. सहा पायऱ्यांच्या प्रक्रियेत प्रत्येक पायरीला ८० टक्के उतारा मिळाला, तर शेवटी हातात सुमारे २६ टक्के उरतात. प्रत्येक पायरीचा उतारा ९० वर नेला की शेवटचा आकडा ५३ होतो, म्हणजे तेवढ्याच औषधाला कच्चा माल निम्मा लागतो. आपल्या कंपन्यांची किमतीतली ताकद याच कामातून आली. प्रक्रिया सुधारणं हेही नावीन्यच आहे, आणि कायद्याने बक्षीस त्यालाच ठेवलं होतं.

पण एकट्या कायद्याने हे झालं नसतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून होती, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासून. तिथे प्रशिक्षित माणसं तयार होत होती. पुढे १९८४ साली अमेरिकेने पेटंट संपलेल्या औषधांसाठी सोपा मंजुरीमार्ग उघडला : सगळ्या चाचण्या पुन्हा करायची गरज नाही, आपलं औषध मूळ औषधाइतकंच शरीरात उतरतं हे सिद्ध करा. त्यामुळे इथल्या कौशल्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं.

१ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे पदार्थाचं पेटंट परत आलं, मुदत २० वर्षं. त्याच वेळी कलम ३(ड) कडक केलं गेलं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप आणलं तर त्याची परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाच्या स्फटिकरूपाला याच कलमाखाली पेटंट नाकारलं. त्याआधी २०१२ साली सोराफेनिब या कर्करोगाच्याच औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं. महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला, आणि पेटंटधारकाला ६ टक्के रॉयल्टी ठरली.

या धोरणाने काय दिलं नाही, तेही उत्तरात लिहा. नवे रेणू शोधण्याची सवय आपल्याकडे रुजली नाही. किमतीची स्पर्धा इतकी टोकाला गेली की कंपन्यांनी औषधातले मूळ घटक चीनमधून आणायला सुरुवात केली. पेनिसिलिन-जी हे ठळक उदाहरण. पिंपरीत पन्नासच्या दशकात पेनिसिलिन तयार होत होतं. किण्वनाच्या, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून पदार्थ बनवून घेणाऱ्या, कारखान्याचं गणित साखर, वाफ, वीज आणि टाकीच्या आकारावर चालतं. चीनने प्रचंड क्षमता उभारून भाव पाडले आणि आपले कारखाने बंद पडले. २०२० साली मूळ घटकांसाठी ६,९४० कोटींची योजना आणावी लागली. तिची रचना मुद्दाम वाचा : किण्वनाच्या उत्पादनांना विक्रीच्या २० टक्के प्रोत्साहन चार वर्षं, पाचव्या वर्षी १५, सहाव्या वर्षी ५. सवलत कधी संपणार हे कारखानदाराला पहिल्या दिवशीच कळतं. आमच्या मते प्रत्येक योजना अशीच उतरती असावी.

आमची शिरोलीत फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. गाळाच्या पाण्यात सील लवकर जाऊ नये म्हणून पंपाच्या इंपेलरमध्ये (पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकात) बदल केला आहे, आणि तो चालतो. पेटंट घ्यावं का? खर्च किती? (कारखानदार, कोल्हापूर)

पहिला प्रश्न आमचाच : तो पंप कुणाला दाखवला आहे का? प्रदर्शनात मांडला असेल, विकला असेल, मोबाइलवर व्हिडिओ टाकला असेल, तर नवेपणा गेला असं धरून चाला. ठरावीक प्रसंगी १२ महिन्यांची सूट मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. ग्राहकाला ड्रॉइंग पाठवायचं असेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. बरेच अर्ज इथेच बाद होतात.

तसं काही झालं नसेल, तर क्रम असा. उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र काढून ठेवा. ते फॉर्म २८ सोबत जोडलं की तुम्ही लघुघटक ठरता आणि शुल्क मोठ्या कंपनीच्या एक पंचमांश होतं. मग फॉर्म १ आणि २ वर तात्पुरता तपशील ऑनलाइन दाखल करा. शुल्क १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० दावे (तुमचं नेमकं काय ते सांगणारी वाक्यं) बसतात. पुढचं प्रत्येक पान १६० रुपये, प्रत्येक दावा ३२० रुपये. त्या तारखेपासून १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावाच लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. परीक्षणाची मागणी वेगळी करायची असते, फॉर्म १८, शुल्क ४,००० रुपये. अनेकांना वाटतं की अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होईल. तशी ती होत नाही. २०२४ च्या नियमबदलानंतर या मागणीची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे. जुनी माहिती वाचून थांबलात तर अर्ज हातचा जाऊ शकतो.

घाई असेल तर लघुघटकाला जलद परीक्षण मागता येतं : फॉर्म १८ए, ८,००० रुपये, सोबत लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म ९, २,५०० रुपये. म्हणजे साध्या वाटेने सरकारी शुल्क ५,६०० आणि जलद वाटेने १२,१०० रुपये. पेटंट एजंटची फी याहून बरीच जास्त असते. ती आधी ठरवून लेखी घ्या. पेटंट मंजूर झाल्यावर लघुउद्योग मंत्रालयाच्या बौद्धिक संपदा योजनेत देशी पेटंटसाठी १ लाखापर्यंत परतफेड मिळते, म्हणून सगळ्या पावत्या जपा.

परीक्षकाचा अहवाल आला की उत्तराला ६ महिने असतात. बहुतेक आक्षेप ‘यात नवं काय’ एवढाच असतो, आणि त्याचं उत्तर दाव्याच्या वाक्यातच असायला हवं. ‘गाळातही टिकणारा, कमी देखभालीचा पंप’ हा दावा होत नाही, ती जाहिरात झाली. दावा असा हवा : ‘एक केंद्रोत्सारी पंप, ज्याच्या इंपेलरच्या मागच्या चकतीवर पाती आहेत; वैशिष्ट्य असं की त्या पात्यांची उंची शाफ्टकडून कडेकडे अमुक ते अमुक प्रमाणात कमी होत जाते, आणि चकती व केसिंग यांतली फट अमुक ते अमुक मिलिमीटर आहे.’ इंपेलरच्या मागची पाती जुनीच आहेत. तुमचं नवं आहे ते उताराचं प्रमाण आणि फट. तेवढंच मागा. आकड्यांची एकच किंमत न देता पल्ला द्या, म्हणजे शेजारचा कारखाना अर्ध्या मिलिमीटरने निसटणार नाही. सोबत चाचणीचा तक्ता जोडा : गाळाचं प्रमाण, चाललेले तास, सीलची झीज, जुना इंपेलर विरुद्ध नवा.

बदल फक्त बाह्य आकारात असेल, तर पेटंटच्या मागे लागू नका. डिझाइन नोंदणी लघुघटकाला १,००० रुपयांत होते, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून मिळतात.

प्रोत्साहन योजनांचे हजारो कोटी पेपरात दिसतात. आमच्यासारख्या पुरवठादारापर्यंत यातलं काहीच का येत नाही? (कंट्रोलर बनवणारा लघुउद्योजक, चाकण)

कारण योजनेची दारंच उंच आहेत. वाहन क्षेत्राची उत्पादनाशी जोडलेली योजना २५,९३८ कोटींची. सुटे भाग बनवणाऱ्याने त्यात यायचं तर समूहाची जागतिक उलाढाल किमान ५०० कोटी आणि स्थिर मालमत्तेतली गुंतवणूक १५० कोटी हवी होती. अर्जांची मुदतही केव्हाच संपली. ज्याच्याकडे आधीच मोठेपण आहे त्यालाच पैसे मिळतात, ही तक्रार रास्त आहे. सरकारची बाजू अशी की वाढीव विक्री मोजायची, लेखे तपासायचे, तर मोजके आणि मोठे अर्जदारच सांभाळता येतात.

तरीही तुमच्या हातात एक गोष्ट आहे. या योजनेत प्रोत्साहन मिळवायला मोठ्या कंपनीला किमान ५० टक्के देशी मूल्यवर्धन दाखवावं लागतं, आणि ते दाखवताना तिला तुमचे कागद लागतात. हिशेब साधा : विक्रीकिमतीतून आयात मालाची किंमत वजा करा आणि उरलेल्याला विक्रीकिमतीने भागा. कंट्रोलर १०,००० रुपयांचा, त्यात आयात चिप, कपॅसिटर, कनेक्टर मिळून ४,६०० रुपयांचे, तर देशी मूल्य ५४ टक्के. इथवर ठीक. पण हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) तुम्ही पुण्याच्या व्यापाऱ्याकडून ६०० रुपयांना घेतलं आणि तो ते बाहेरून आणत असेल, तर आयात ५,२०० होते आणि तुम्ही ४८ वर येता. ग्राहक त्यामुळे अपात्र ठरू शकतो, आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते.

म्हणून प्रत्येक सुट्या भागासमोर लिहून ठेवा : कुणाकडून, बनवणारा की व्यापारी, मूळ देश, आयात असेल तर बिल ऑफ एंट्रीचा (आयातीच्या सीमाशुल्क कागदाचा) क्रमांक, आणि त्या पुरवठादाराचं स्वतःचं मूल्यवर्धनाचं पत्र. हा तक्ता तयार असलेला पुरवठादार आज खरेदी विभागाला हवा असतो. प्रमाणपत्र देणाऱ्या चाचणी संस्थांत पुण्याची एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे, शंका असेल तर तिथेच विचारा.

माल देऊन चार-चार महिने पैसे येत नाहीत. नवं यंत्र, नवं उत्पादन हे सगळं बोलणं पोकळ वाटतं. (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

पोकळ वाटणं साहजिक आहे. संशोधनाचा पहिला निधी म्हणजे वेळेवर आलेलं बिल. कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. पुढे दरमहा चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. बँक दर ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के. करारात ९० दिवस लिहिलं असलं तरी कायदा ४५ च मानतो.

१ एप्रिल २०२४ पासून आयकराचाही दट्ट्या आहे. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं किंवा सेवा देणाऱ्याचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. हे कलम ४३बी(एच) या नावाने ओळखलं जातं. मध्यम उद्योग आणि व्यापारी यात येत नाहीत. याचा उलटा परिणामही झाला : काही खरेदीदार ‘उद्यम नोंदणी रद्द करा’ म्हणतात किंवा मध्यम उद्योगाकडे वळतात. नोंदणी रद्द करू नका, सगळं संरक्षण तिच्यावरच उभं आहे, आणि ती माल देण्याच्या आधीची असावी.

बिलावर उद्यम क्रमांक छापा. माल पोचल्याची सही-शिक्का आणि तारीख घ्या, कारण दिवस तिथपासून मोजतात. मालाबद्दल लेखी आक्षेप घ्यायचा तर खरेदीदाराला १५ दिवसच असतात. ते उलटले की ‘क्वालिटीचा प्रॉब्लेम होता’ हे कारण लंगडं पडतं. थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. गिऱ्हाईक तोडायचं नसेल तर ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, बिल वटवा. खरेदीदाराने बिल तिथे मान्य केलं की बँक तुम्हाला पैसे देते आणि वसुलीसाठी तुमच्याकडे परत येत नाही.

प्रदूषणाचे नियम कडक केले की गाड्या महागतात. यात स्पर्धाक्षमता कुठे आली? (नाशिक)

गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज ६ हे नियम पाहा. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालं की स्टेज ५ गाळून १ एप्रिल २०२० ला थेट ६ येईल. चार वर्षं आधी तारीख मिळाली. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर, कणांची २५ वरून ४.५ वर. इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आणायची जबाबदारी तेल कंपन्यांवर, तीही त्याच तारखेला. त्याशिवाय धुराडय़ातला फिल्टर टिकलाच नसता. दुचाकीचा कार्ब्युरेटर गेला, इंधन इंजेक्शन आलं, सेन्सर आणि कंट्रोल युनिट बनवणारे पुरवठादार इथे उभे राहिले. तारीख ढकलण्याचा प्रयत्न झाला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. गाड्या महागल्या हे खरं, छोट्या डिझेल मोटारी तर बाजारातून गेल्याच. पण युरोपच्या जवळपास बरोबरीचा माल बनवता येऊ लागला. नियम कडक असणं एक वेळ चालतं, तारीख हलणं चालत नाही. ज्याने आधी पैसे घातले तोच त्यात मरतो.

संशोधनावर आपण जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, कोरिया पाचच्या आसपास. सरकारने रक्कम वाढवली की प्रश्न सुटेल का? (ठाणे)

निम्माच. कोरियात त्या खर्चातले तीन चतुर्थांशाहून जास्त पैसे कंपन्या घालतात, आपल्याकडे उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. कोरियात साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त कर्ज मिळे, पण निर्यातीचं लक्ष्य गाठलं तर. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दरमहा निर्यातीची बैठक घेत. बाहेरच्या ग्राहकाला माल विकायचा म्हटल्यावर दर्जा सुधारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तैवानची वाट वेगळी. १९७३ साली आयटीआरआय ही सरकारी संशोधन संस्था, १९७६ साली आरसीए या अमेरिकी कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान, इंजिनिअर तिकडे शिकायला, परत आल्यावर पथदर्शी कारखाना. त्या कारखान्यातली माणसं आणि तंत्र बाहेर पडून १९८० साली यूएमसी आणि १९८७ साली टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. टीएसएमसीत सरकारचं भांडवल जवळजवळ निम्मं होतं आणि फिलिप्सचं पाव हिश्शाहून थोडं जास्त. प्रयोगशाळेतून कारखान्यात ज्ञान गेलं ते माणसांच्या रूपाने. आपल्या प्रयोगशाळांतून अहवाल बाहेर पडतात, माणसं पडत नाहीत. आम्हाला खरी उणीव इथे वाटते.

आपण करसवलतीचा मार्गही करून पाहिला. कंपनीच्या मान्यताप्राप्त संशोधन विभागाच्या खर्चावर २०० टक्के वजावट होती. एप्रिल २०१७ पासून ती १५० आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्के, म्हणजे जादा सवलत संपली. ती नफ्यातल्या कंपनीलाच उपयोगी पडे. पहिली पाच वर्षं तोट्यात असलेल्या नव्या कंपनीला तिचा काय फायदा? आता नवा मार्ग आहे. जुलै २०२५ मध्ये १ लाख कोटींच्या संशोधन-विकास निधीला मंजुरी मिळाली. पैसे दीर्घ मुदतीने, कमी किंवा शून्य व्याजाने मिळतील. त्यासाठी तंत्रज्ञान नऊपैकी किमान चौथ्या टप्प्यावर हवं, म्हणजे प्रयोगशाळेत चालून दाखवलेलं. नुसत्या कल्पनेला यात जागा नाही. त्याआधीच्या टप्प्यासाठी जैवतंत्रज्ञानात बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं अनुदान आहे, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशा कंपन्यांना जागा आणि उपकरणं देतं.

आमचं समुद्रातलं मोजमाप करणारं उपकरण तयार आहे. सरकारी निविदेत ‘तीन वर्षांचा अनुभव’ मागतात. नव्या कंपनीने तो आणायचा कुठून? (वेर्णा, गोवा)

सरकार पहिलं गिऱ्हाईक झालं तर अनुदानाहून मोठी मदत होते, आणि नियमांत तशी सोय आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत १७३(१) प्रमाणे स्टार्टअप आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल करता येते, दर्जात मात्र सूट नाही. नियम १७० प्रमाणे बयाणा रक्कमही माफ होते. सूक्ष्म-लघु उत्पादकाचा भाव सर्वांत कमी बोलीच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या भावाला येण्याची तयारी दाखवून किमान २५ टक्के माल मागता येतो.

अडतं ते ‘करता येते’ या शब्दांत. अनुभवाची अट शिथिल करणं खरेदी अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि नवं उपकरण बिघडलं तर जाब त्याला द्यावा लागतो. म्हणून त्याच्या हाती कागद द्या : मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कॅलिब्रेशन अहवाल, खाऱ्या पाण्यातल्या चाचणीचे तास, बदली भागांची हमी. तुमचं उपकरण नौदलाच्या उपयोगाचं असेल तर संरक्षण खात्याच्या २०१८ पासूनच्या आयडेक्स योजनेतली आव्हानं पाहा. नमुना तयार करायला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, तेवढाच वाटा तुम्हाला घालावा लागतो, आणि चाचणीत उतरलेलं उत्पादन सैन्यदलांना थेट खरेदी करता येतं. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बोली भरताना कागदाच्या सुरुवातीलाच स्टार्टअप आणि लघुउद्योगांना अनुभवाची सूट आहे की नाही, ते होय किंवा नाही असं लिहिलेलं असतं. ‘नाही’ असेल, तर बोली बंद व्हायची वाट पाहू नका. हे सगळे अहवाल जोडून त्याच पोर्टलवरून लेखी निवेदन द्या आणि अट बदलण्याची मागणी करा.